मॉरिशसकर मिस्त्रींचे वडील

"तुम्ही परदेशी आहात," असं मॉरिशसकर मिस्त्रींना पहिल्यांदा कुणी सांगितलं, तेव्हा ते निवृत्त होऊन घरी बसले होते. त्याआधीची सगळी वर्षं त्यांनी साकीनाक्याच्या कारखान्यात काढली होती, घाटकोपरच्या चाळीत पाण्यावरून भांडणं केली होती, माहुलच्या कोळीवाड्यात जावई म्हणून मिरवून घेतलं होतं. आपण कुणी वेगळे आहोत हे त्यांच्या ध्यानातही उरलं नव्हतं. ध्यानात होतं ते फक्त त्यांच्या पासपोर्टाच्या.

त्यांचं कागदावरचं नाव तुकाराम रामजी. रामजी हे वडिलांचं नाव. आडनाव नाही. आजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजुरीला मॉरिशसला गेले आणि आडनाव बहुतेक बोटीतच राहिलं. आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनत. तिथले निम्मे कामगार कोकणातले. बिनआडनावाचा माणूस त्यांना शेंडी नसलेल्या नारळासारखा वाटला असावा. त्यांनी परस्पर 'मॉरिशसकर' करून टाकलं आणि पुढे सगळे तेच म्हणू लागले. मिस्त्री स्वतः मात्र 'मोरिस' म्हणत. "आमच्या मोरिसात समुद्राला असा वास नाय," असं माहुलच्या खाडीकडे बघून म्हणायचे, आणि लगेच, "पण असलं म्हावरं पण नाय," अशी भर घालायचे. नाहीतर बायको ऐकवील ही भीती.

मी त्या कारखान्यात हिशेबाच्या खात्यात लागलो, तो करमाळ्याहून बी.कॉम. होऊन आलेला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती. मुंबईत ओळखीचं कुणी नव्हतं. मिस्त्री तेव्हा कारखान्याचे मुख्य फिटर. त्यांनी मला घाटकोपरच्या भटवाडीत आपल्या शेजारची खोली मिळवून दिली, आणि तुळसामावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच रविवारी मला जेवायला बसवलं. मी बाजरीच्या भाकरीवर वाढलेला. काटा कुठला आणि मासा कुठला हे कळेना. मावशींनी माझ्या ताटातला बोंबील स्वतः सोडवून दिला आणि म्हणाल्या, "एवढा शिकलाव आनि खायाचा नाय शिकलाव?" त्या घरातलं अन्न माझ्या अंगी लागलेलं आहे, म्हणून हे लिहिताना हात थोडा जपूनच चालतो.

मिस्त्री मला नावाने कधी हाक मारत नसत. 'ग्रॅज्युएट' म्हणत. त्यात चेष्टा होती आणि अभिमानही होता. चाळीत कुणाला तार आली, कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला, की ते व्हरांड्यातून ओरडत, "अरे थांबा, आपला ग्रॅज्युएट हाय ना!"

माणूस उंच, सावळा, हाडांनी रुंद. डोक्यावर गवताची विणलेली हॅट. चाळीत त्यांच्याखेरीज कुणाच्याच डोक्यावर हॅट नव्हती, आणि भाजी आणायलासुद्धा ते ती घालून जात. चहात व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब टाकत. तिकडे म्हणे चहा तसाच पितात. मावशींना तो वास सहन होत नसे. "आईस्क्रीम पितो म्हातारा," असं त्या शेजारणींना सांगत. आणि मिस्त्री मोजायचे ते त्यांच्या तिकडच्या भाषेत. बोल्टला पाना लावून फेरे मोजताना ओठातल्या ओठात चालू असायचं, "एन, दे, त्र्वा…" कारखान्यातल्या पोरांनी ते उचललं होतं. जेवणाच्या सुट्टीत पोळ्यासुद्धा 'एन, दे, त्र्वा' अशा मोजल्या जात.

कामाच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बोल्टचा आटा आपोआप बसला पाहिजे. जोर लावलास की मेला." नवीन पोरगं पान्यावर ताकद लावताना दिसलं की ते लांबूनच ओरडत, "आयो! मारामारी करतोस काय? उलटा फिरव, परत लाव." त्यांनी बसवलेल्या पंपातून पाणी ठिबकलं असं मी तरी कधी ऐकलं नाही. माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच तत्त्व होतं. कुणाशी भांडण झालं की दोन दिवस गप्प राहायचे, मग उलट्या बाजूने जाऊन पुन्हा सुरुवात करायचे.

एका गणपतीत कारखान्यातल्या रत्नागिरीकरांनी जाखडी धरली. मिस्त्री बाजूला उभे होते. मध्येच त्यांनी हॅट काढून ठेवली आणि फेरात शिरले. नुसते नाचले नाहीत, गाऊ लागले. ढोलकीवर बसलेला गुहागरचा बाळा थबकला. "मिस्त्री, ह्या गाण्याची ही चाल आमचो आजो म्हणायचो. आता गावात कुणाक येत नाय. तुमका कुठून?" मिस्त्री धापा टाकत म्हणाले, "माझ्या पण आजाचीच हाय. तुझ्या आजाने गावात ठेवली, माझ्या आजाने बोटीत नेली." त्या दिवशी बाळाने त्यांना वाकून नमस्कार केला होता. अशा माणसाला परदेशी ठरवायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, हेच आम्हाला कळत नव्हतं.

पण परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसला ते कळत होतं. पूर्वी त्यांच्यासारख्यांना फारसं कुणी हटकत नसे. पासपोर्टाची मुदत संपली की मिस्त्री तो नवा करून आणत आणि ट्रंकेत टाकत. मग नियम कडक झाले. निवृत्तीनंतर काही महिन्यांनी बोलावणं आलं. मिस्त्री मला बरोबर घेऊन गेले. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की इथे राहायला आता परवाना लागेल, तो एका वर्षाचा मिळेल, आणि पुढच्या वर्षी तो मिळेलच असं नाही, कारण नोकरी आता संपली आहे. "तोपर्यंत नागरिकत्व घ्या, नाहीतर आपल्या देशात परत जा."

"आपल्या देशातच जातो, साहेब," मिस्त्री म्हणाले. "खाली उतरून घाटकोपरची बस पकडतो."

साहेब हसले, पण तारीख टाकलेला कागद त्यांनी पुढे सरकवलाच.

त्या संध्याकाळी मिस्त्री व्हरांड्यात बसून राहिले. मोरिसमध्ये त्यांचं कुणी उरलं नव्हतं. भाऊ वारला होता, घर वादळात गेलं होतं. "तिथे उतरून मी विचारणार कुणाला, की माझं घर कुठे?" असं ते एकदाच म्हणाले. एरवी मासळी विकून आल्यावर, टोपली उतरवल्यापासून मावशींचं तोंड बंद नसे. घाटकोपरच्या मच्छीबाजारात त्यांचा आवाज दाराबाहेर ऐकू यायचा. त्या दिवशी घरात नुसती स्टोव्हची घरघर होती.

मग अर्जाची तयारी सुरू झाली. पहिला मार्ग आजोबांचा. आजोबा इथले होते हे दाखवता आलं तर काम सोपं होतं. पण आजोबा 'रत्नागिरीकडचे' एवढंच माहीत. गाव कुठलं? मिस्त्री डोळे मिटून आठवायला बसले. "गावात एक पिंपळ होता आणि खाली मारुती, असं आजा सांगायचा." मी बाळाकडे पाहिलं. बाळा म्हणाला, "रत्नांग्रीत असो पिंपळ नाय, असो गाव दाखवा." तो मार्ग तिथेच संपला.

दुसरा मार्ग बायकोचा. पूर्वी परदेशी बायकोला नवऱ्यामुळे नागरिकत्व मिळे, नवऱ्याला बायकोमुळे मिळत नसे. त्याच सुमाराला कायदा बदलला होता. आता नवऱ्यालाही अर्ज करता येत होता. चाळीला ही बातमी लागली आणि नळावर तोच विषय झाला. वरच्या मजल्यावरचे परब म्हणाले, "काय मिस्त्री, लोक बायकोच्या नावावर खोली घेतात, तुम्ही देश घेताय!"

"मग? खोली तिचीच, ताटातलं म्हावरं तिचंच. देश तेवढा दुसऱ्याचा कशाला घेऊ, परब?"

हसत उत्तर दिलं खरं, पण खोलीत आल्यावर मला विचारलं, "ग्रॅज्युएट, कागदावर 'बायकोमुळे' असंच लिहितात काय रे?" मी म्हणालो, "भारतीय नागरिकाचा पती, असं लिहितात." ते ऐकून त्यांना थोडं बरं वाटलं.

पण अर्ज बायकोच्या आधाराने करायचा, तर बायको भारतीय आहे हे आधी दाखवावं लागतं, आणि इथे गंमत संपली. मिस्त्रींच्या ट्रंकेत त्यांच्या जन्मापासूनचा प्रत्येक कागद होता. देवी काढल्याचासुद्धा. मावशींकडे काही नव्हतं. जन्म माहुलला, घरात. शाळा नाही. जन्माची नोंद कुणी करायला गेलं नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने आपलं काम म्हणून विचारलं, "बाई, तुमचा जन्म इथला कशावरून?"

"कशावरून म्हंजे? माहुलला कुनालाही इचारा."

"आणि लग्नानंतर तुम्ही नवऱ्याच्या देशाचं नागरिकत्व घेतलं नाही कशावरून?"

मावशींना आधी प्रश्नच कळला नाही. मी समजावला. त्यांचा चेहरा उतरला. मच्छीबाजारात पोलिसालाही न घाबरणारी ती बाई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "दिगू, मी ह्यांना पकडून ठेवायला आले, नि हे हापिसवाले मलाच पन सोडून द्यायला बघतान." मिस्त्री तिच्या शेजारी उभे राहिले. हॅट काढून त्यांनी तिच्या डोक्यावर उन्हाला धरली. त्या दोघांना एकमेकांशी प्रेमाने वागताना मी तेवढंच पाहिलं आहे. एरवी त्यांचं प्रेम वादावादीतच चाले.

ते काम मात्र निभावलं. मावशींचं नाव जुन्या मतदार यादीत निघालं. कोळीवाड्याच्या पाटलांनी आणि त्यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या चार म्हाताऱ्यांनी लिहून दिलं. कारकुनाने ते घेतलं. आता राहिला लग्नाचा पुरावा, आणि तो सगळ्यात सोपा आहे असं आम्ही समजलो होतो.

लग्नाची हकिगत मावशींनीच मला सांगितली. मिस्त्री तरुणपणी जहाजाच्या इंजिनावर काम करत मुंबईला आले आणि गोदीत राहिले. माहुलच्या होड्यांना तेव्हा नुकती इंजिनं बसू लागली होती. हिराजी नाखव्याच्या होडीला इंजिन बसवायला कुणी तरी ह्यांना घेऊन आलं. इंजिन बसलं, पण रोज काही ना काही निमित्ताने मिस्त्री ते तपासायला येऊ लागले. "इंजिन काय बिघडत नव्हता," मावशी म्हणाल्या. "मी तिथं जालं सुकवाला यायचे." गावाला कळलं. हो-ना झाली. माणूस चांगला, कामाचा, पण आईबाप नाहीत, भाऊबंद इथे नाहीत. हळद कोण लावणार? मांडवात नवऱ्याच्या बाजूला बसणार कोण? तेव्हा हिराजी नाखवा उठला. त्याला मूलबाळ नव्हतं. पंचांसमोर त्याने आणि त्याच्या बायकोने मिस्त्रींना मांडीवर बसवून घेतलं. एवढा उंच माणूस म्हाताऱ्याच्या मांडीवर मावेना, बायका हसून लोळल्या. पण त्या घडीपासून ते हिराजीचे झाले.

आणि लग्न भटजींनी लावलं नव्हतं. त्या वाड्यात लग्न लावते ती धवलारीण. धवले गाऊन, देवांना आणि पितरांना नावाने बोलावून ती नवरा-नवरीची गाठ घालते. मिस्त्रींचं लग्न काशीबाई धवलारणीने लावलं होतं, आणि ती अजून होती. पाठीत वाकलेली, पण स्मरण पक्कं. आम्ही एका वकिलांना घेऊन माहुलला गेलो. तिने सांगितलं ते वकिलांनी लिहून घेतलं. तिने अंगठा केला, पाटलांनी साक्ष घातली. कुणी एक शब्द खोटा बोललं नाही, आणि घोटाळा नेमका त्यामुळेच झाला.

काशीबाईने सांगितलं होतं, हिराजी नाखव्याचा पोरगा तुकाराम, याचं लगीन मी तुळसाशी लावलं. मांडवात तिने तेच नाव घेतलं होतं. पाटलांनाही तेच माहीत. वकिलांनी नाव तुकाराम आहे एवढं पाहिलं. खिडकीतल्या कारकुनाने पुढचं पाहिलं.

"अर्जदाराच्या वडिलांचं नाव रामजी. ह्या लग्नातल्या नवऱ्याच्या वडिलांचं नाव हिराजी. बापाची दोन नावं कशी?"

रांगेत मागे कुणी तरी खुदकन हसलं. मिस्त्रींनी हॅट डोळ्यांवर ओढली. कारकून पुढे सांगत होता ते मला आजही आठवतं, कारण त्याचं चुकत नव्हतं. हा माणूस हिराजीचा मुलगा असेल, तर तो इथलाच आहे आणि त्याचा पासपोर्ट खोटा आहे. रामजीचा असेल, तर तुळसाबाईचं लग्न दुसऱ्याच कुणाशी झालं आहे. दोन्हींतलं एक लिहून आणा. परवान्याची तारीख जवळ येत होती. लिहून आणलं नाही, तर अर्ज तिथेच थांबणार होता.

आम्ही पुन्हा माहुलला गेलो. काशीबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काशीआय, तो कागद जरा बदलायचा हाय. बापाचं नाव रामजी लिहायचं."

"कोन रामजी?"

"माझा बाप. मोरिसचा."

"तो आलेला काय तुज्या लग्नाला?"

"कसा येणार? तो तवा मेलेला."

"मंग? ज्याचा नाव मी मांडवात घेतला नाय, त्याचा नाव कागदावर कशी घेऊ? देवांना मी हिराजीचा पोर म्हनून सांगितला. आता काय सांगू त्यांना, चुकले म्हनून?"

मी मध्ये पडलो. "आजी, देवांना काही सांगायचं नाही. सरकारला सांगायचंय."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला हायस ना? मंग तूच सांग. तुज्या सरकारला मांडवात बोलवला नाय, ही माजी चूक झाली." मग ती मिस्त्रींकडे वळली. "तुका, तू हिराजीचा नसशील, तर तुलसाचा लगीन मी कुनाशी लावला?"

साकीनाक्याच्या कारखान्यातला कुठलाही गुंता सोडवणारा तो माणूस त्या म्हातारीपुढची सुकट निवडू लागला. ऑफिसात विचारलेलाच प्रश्न तिनेही विचारला होता, फक्त दुसऱ्या दाराने. परत येताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "आटा चढत नाय, ग्रॅज्युएट. आता जोर लावावा लागणार."

जोर म्हणजे काय, ते वकिलांनी सांगितलं. काशीबाईने बदलायची गरज नाही. मिस्त्रींनी स्वतः शपथेवर लिहून द्यायचं की रामजी हेच आपले वडील, आणि हिराजी फक्त लग्नापुरते वडिलांच्या जागी बसले होते. घरात त्यावर आठवडाभर खल झाला. मिस्त्री तयार होईनात. शेवटी मावशीच म्हणाल्या, "सही करा. तुमाला बोटीत घालून पाठवतील तवा हिराजी आडवा येनार हाय काय? तो तर मसनात गेला. मी हाय हितं."

घाटकोपर स्टेशनजवळ वकिलांची छोटी खोली होती. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला: 'हिराजी हे माझे वडील नव्हेत. त्यांनी केवळ विवाहविधीपुरती वडिलांची जागा घेतली होती.'

"विधीपुरती?" मिस्त्री म्हणाले. "मग ते गेले तवा मडकं कुणी धरलं? अग्नी कुणी दिला? तो पण विधीपुरता?"

"मिस्त्री, हे सगळं लिहिलं तर दत्तक का, असं विचारतील. दत्तक म्हटलं की त्याचा कागद मागतील. आहे तुमच्याकडे?"

"मांडीवर बसवल्याचा कागद असतो काय, वकीलसाहेब?"

"नसतो. म्हणून म्हणतो, सही करा."

मिस्त्रींनी 'केवळ' तेवढं काढायला लावलं. काढून काही फरक पडत नाही असं वकील म्हणाले. "फरक पडत नसंल तर काढाच," मिस्त्री म्हणाले. वकिलांनी काढलं. मग त्यांनी सही केली. सही केल्यावर बराच वेळ हात पँटला पुसत राहिले, वंगण लागल्यासारखे.

कागद दाखल झाले. चौकशी संपेपर्यंत राहायची परवानगी मिळाली आणि वाट पाहणं सुरू झालं. पण मिस्त्री पूर्वीचे राहिले नाहीत. माहुलला ही गोष्ट पोहोचलीच. काहींना त्यात विशेष वाटलं नाही, कागद तो कागद. पण मावशींच्या भावाने तोंडावर सांगितलं, "ज्याने मांडीवर घेतला त्याला नाय म्हनालाव." काशीबाईने चाळीत येणंच सोडलं, आणि तेच मिस्त्रींना जास्त लागलं. आधी ती घाटकोपरच्या बाजारात आली की चाळीत डोकावून जायची, व्हॅनिलाच्या चहाला नावं ठेवत दोन कप प्यायची. आता ती मावशींना बाजारातच भेटून परत जाऊ लागली.

पितृपक्ष आला. दर वर्षी मिस्त्री हिराजीच्या नावाने पान वाढत आणि चाळीच्या गच्चीवर ठेवून येत. त्या वर्षी दुपारी ते माझ्या दारात आले. हातात वाढलेलं पान. हळू आवाजात म्हणाले, "ग्रॅज्युएट, हे कायद्याने चालतं काय रे? चौकशी चालू हाय. मी लिहून दिलंय, बाप नव्हे म्हणून. आणि पान वाढताना कुणी बघितलं तर?"

मी म्हणालो, "मिस्त्री, याला कायदा कुठे आड येतो?" पण माझ्या सांगण्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पानावर दुसरं पान झाकलं आणि गच्चीवर न जाता चाळीच्या मागे, नाल्याच्या कडेला, ते ठेवून आले.

चौकशीला हवालदार आला तोही एक प्रसंगच. चाळीतल्या प्रत्येकाला त्याने विचारलं. परबांनी मिस्त्रींची एवढी स्तुती केली की हवालदारालाच शंका आली. मग तो मावशींकडे वळला. "हे तुमचे मिस्टर?"

"नाय, भाड्याने आनलाय," मावशी म्हणाल्या. सगळा व्हरांडा हसला. मिस्त्री हसले नाहीत. घाईघाईने पुढे होऊन म्हणाले, "साहेब, ती चेष्टा करते. तसं लिहू नका हां. नवराच आहे मी. रामजीचा मुलगा. रामजीचा." हवालदाराने बापाचं नाव विचारलंही नव्हतं.

पुढे एक दिवस मंजुरीचं पत्र आलं. शपथ घ्यायला बोलावलं होतं. मावशींनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. मी रजा घेतली. मिस्त्रींनी हॅट नेली नाही, सरकारी कामात बरी दिसत नाही म्हणाले. साहेबांनी शपथ वाचली, मिस्त्रींनी त्यांच्यामागे म्हटली. आवाज स्पष्ट होता. प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यांनी ते मला वाचायला दिलं. त्यावर वडिलांचं नाव रामजी होतं, बरोबर होतं. त्यांनी मान हलवली आणि कागद परत घेतला.

मावशींना तिथूनच माहुलला जायचं होतं. वाटेत पेढे घेतले. कोळीवाड्यात शिरताच मावशी भावाच्या घराकडे तरातरा निघाल्या, भांडण मिटवायला की पुन्हा करायला कोण जाणे. मिस्त्री मात्र वाटेतच थांबले. एक होडी उलटी घालून ठेवली होती, तिच्यावर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसले. गावामागे तेलशुद्धीकरण कारखान्याची ज्योत दिवसाउजेडी जळत होती. "तू जा पुढे, ग्रॅज्युएट. मी येतो." पण ते येणार नाहीत हे दिसत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला सोलापूरला नोकरी लागली आणि मी मुंबई सोडली. त्यामुळे मिस्त्रींचं मनात राहिलेलं शेवटचं दर्शन हेच. मी पाच-दहा पावलं गेलो असेन, तर समोरून काशीबाई काठी टेकत येताना दिसली. कुणी तरी तिला सांगितलं असावं. मी तिच्यामागे परत फिरलो. ती सरळ मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली. ते उठले. एवढा उंच माणूस, पण मान पार खाली.

"झाला तुजा काम?"

"झालं, काशीआय."

तिने हात पुढे केला. मिस्त्रींनी अख्खा पुडा तिच्या हातावर ठेवला. तिने दोरा सोडला, एक पेढा काढला, पण तोंडात टाकला नाही.

"ह्यो पैला देवाला ठेवायचा. देवाला ठेवताना नाव सांगावा लागतंय." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "कुनाचा पोर म्हनून ठेवू?"

मिस्त्रींनी खिशातल्या प्रमाणपत्रावर हात ठेवला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हिराजीचा."

आणि लगेच मागे वळून पाहिलं, रस्त्यावर कुणी सरकारी माणूस ऐकत तर नाही ना.